सरकून बसणं

वरठीला गाडी थांबली की माझी नजर आधी बाकांवर फिरते, खिडकीकडे नंतर जाते. स्टेशनाचं कागदोपत्री नाव भंडारा रोड. शहर तिथून दहा-अकरा किलोमीटर आत, म्हणून रेल्वेनं नावाला ‘रोड’ चिकटवून हात झटकले. आम्ही आपलं वरठीच म्हणतो. कोण किती ऐसपैस बसलंय, कोणी पिशवी मांडून जागा धरलीय, दोघांच्या मध्ये चार बोटं फट कुठे आहे, हे मला आपोआप दिसतं. ही खोड लागून पस्तीस वर्षं झाली.

तेव्हा मी नागपूरला कॉलेजात होतो. शनिवारच्या पॅसेंजरनं तुमसरला घरी यायचो. त्या दिवशी वरठीला एक म्हातारा चढला. डोक्याला मळकं फडकं, हातात काठी आणि काठी धरणारी बोटं पहिल्या पेरापर्यंतच उरलेली. पायांत काळ्या रबराच्या, मागून पट्टा लावलेल्या चपला. त्या चपला मी ओळखत होतो, कारण माझा मामा त्या वाटत फिरायचा. म्हणजे त्या डब्यात कुष्ठरोगाविषयी सगळ्यांत जास्त माहिती मलाच होती. माझ्या शेजारी एका माणसाची जागा होती, चांगली धडधाकट एका माणसाची. म्हातारा समोर येऊन म्हणाला, ‘‘बसू का जी?’’ आणि माझ्या हातानं मांडीवरची बॅग उचलून शेजारी ठेवली. तोंडानं मी म्हटलं, ‘‘माणूस येणार आहे.’’

‘‘बरं,’’ म्हणून तो दाराजवळ खाली बसला. कोका आलं, गेलं. बॅग माझ्या शेजारी बसून प्रवास करत होती. तुमसर रोडला मी उतरायला उठलो तेव्हा तोही उठत होता, दाराच्या दांडीत मनगट अडकवून. माझ्याकडे बघून अगदी काळजीनं म्हणाला, ‘‘तुमचा माणूस नाही आला वाटते जी.’’

टोमणा असता तर मी विसरून गेलो असतो.

त्या बाकाचा विचार करताना मला पुढे ख्रिस्त आठवायला लागला, पण ख्रिस्ताशी माझा संबंध वाचनापुरता. आमच्या घरात भिंतीवर तुकडोजी महाराज, संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना, आणि नाताळ म्हणजे शाळेला सुटी. कॉलेजच्या फाटकाशी कोणीतरी वाटत होतं म्हणून खिशात मावणारा एक नवा करार घेतला होता. तो मी खरा उघडला तो लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर. आणि मग लक्षात आलं की मराठीतल्या सगळ्यांत गाजलेल्या ख्रिस्ती माणसाची गोष्ट माझ्याच रेल्वेलाइनवर सुरू होते.

1893 साल. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, नोकरीच्या शोधात. कोकणातल्या करजगावचा हा बत्तिशीच्या आसपासचा कवी. संस्कृतात मुरलेला, एका गावात फार दिवस न टिकणारा. नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जायचं तर आमचा जिल्हा ओलांडल्याशिवाय रस्ता नाही. तीच धानाची बांधी, त्याच बोड्या आणि तळी, तीच वैनगंगा. डब्यात एक गोरा साहेब होता. त्यानं टिळकांना बसायला जागा करून दिली आणि बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं तो बोलू लागला. विषय निघाला तो संस्कृत काव्याचा. पुढे ख्रिस्ताविषयी काय वाटतं, असं त्यानं विचारलं आणि उतरण्याआधी नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं.

टिळकांना ते भाकीत विचित्रच वाटलं. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून सवयीप्रमाणे पेन्सिलीनं खुणा करत त्यांनी वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचल्यावर मात्र पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहेबाचा हिशेब जुळला.

ही गोष्ट सांगताना त्या साहेबाचं नाव बहुधा कोणी घेत नाही.

मला यातली जागा आवडते. भाकीत आवडत नाही. भाकितात ‘मी तुला ओळखलं’ असा एक अहंकार आहे, पेरलं ते उगवणारच अशी खात्री आहे. सरकून बसण्यात तसलं काही नाही. आणि हे सरकणं किती अवघड होतं ते बघायचं तर त्याच वर्षाचं दुसरं एक रेल्वे-स्टेशन बघावं. 7 जून 1893 ला दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला एका तरुण हिंदी बॅरिस्टरला पहिल्या वर्गाचं तिकीट असताना डब्याबाहेर काढलं गेलं. रात्रभर तो थंडीत प्रतीक्षालयात कुडकुडत बसला. एकाच वर्षात जगाच्या दोन टोकांना दोन बाकं. एका बाकावरून गांधी निघाले, दुसऱ्यावरून टिळक. ज्यानं ढकललं त्याचं नाव आपण विचारत नाही, हे ठीकच. ज्यानं जागा दिली त्याचंही नाव कोणी घेत नाही, याचं मात्र मला सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

त्याचं कारण त्या खिशातल्या पुस्तकात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या न्यायाची गोष्ट सांगतो. राजा लोकांना दोन बाजूंना उभं करतो. उजवीकडच्यांना म्हणतो की मी उपाशी होतो, परका होतो, आजारी होतो, तेव्हा तुम्ही माझं केलंत. ते लोक बावचळतात. कधी केलं आम्ही? डावीकडच्यांना म्हणतो की तुम्ही नाही केलंत. तेही बावचळून तेच विचारतात. कधी नाही केलं? या गोष्टीवर प्रवचनं पुष्कळ होतात आणि ती बहुधा गरिबांच्या सेवेवर जातात. मला अडवतो तो हा दोन्हीकडचा गोंधळ. चांगलं करणाऱ्यांच्या वहीत त्याची नोंद नव्हती, आणि बॅग ठेवणाऱ्यांच्याही नव्हती. माझ्याकडे निदान नोंद आहे, एवढाच काय तो फरक.

वरोऱ्याला बाबा आमट्यांनी पावसात गटाराकडेला पडलेला महारोगी तुळशीराम पाहिला, तेव्हा ते आधी घाबरून पळाले आणि मग परत फिरले, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या गोष्टीचं सगळं वजन परत फिरण्यात आहे. मी तुमसर रोडला उतरलो आणि रिक्षा केली.

टिळकांच्या गोष्टीत एक अडचण आहे, आणि ती लक्ष्मीबाईंनी लपवलेली नाही. टिळक ख्रिस्ताच्या मागे गेले तेव्हा बायको आणि मूल मागे राहिलं. वर्षामागून वर्षं माणसांत तोंड दाखवायची चोरी, वेड लागायची पाळी. दुसऱ्यासाठी दुःख सोसणं ही ख्रिस्ताची रीत म्हणायची, तर त्या वर्षांत ती कोण पाळत होतं? बाप्तिस्मा घेतलेला नवरा, की सोवळं सांभाळत रडणारी बायको? मला याचं उत्तर टिळकांच्या बाजूनं देता येत नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. घरात माणसं येत राहिली, पोरकी पोरं येत राहिली, आणि पाण्याच्या भांड्याभोवतीची रेघ पुसट होत गेली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी लिहिलं आहे ते हसत हसत, स्वतःची टर उडवत. संतचरित्रांत मला हा सूर कुठे भेटत नाही, म्हणून मी त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

टिळकांच्या बाजूनं एक सांगायला हवं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि तो पूल त्यांनी मागून पाडला नाही. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि तिथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही एकाच सतरंजीवर जागा. दोन वर्षांत ते वारले. पण ज्याला कुणी सरकून जागा दिली होती, त्यानं शेवटी बाक रुंद करायला घेतला, हे मला त्यांच्या सगळ्या कवितांहून मोठं वाटतं. (कवितेच्या जाणकारांनी क्षमा करावी.)

आता एका गोष्टीपाशी थांबणं भाग आहे. एका शास्त्र्यानं येशूला विचारलं, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल त्यानं वाटेवर लुटून अर्धमेलं टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. याजक बाजूनं निघून गेला, लेवी बाजूनं निघून गेला, आणि ज्याच्याशी रोटीव्यवहार नाही असा शोमरोनी थांबला. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला आणि जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवलं. म्हणजे तो स्वतः पायी चालला. गोष्टीत हे सांगितलेलं नाही, पण दुसरं काय होणार? जागा एकच होती.

माझ्या जिल्ह्यात ‘शेजारी’ हा शब्द लिहिताना मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीचं नाव गाळता येत नाही. 29 सप्टेंबर 2006 च्या संध्याकाळी तिथे सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर यांना मारलं गेलं. गाव ओसाड नव्हतं. घरं होती, घरांना दारं होती, दारांआड माणसं होती. एकटे उरलेले भैयालाल भोतमांगे 2017 च्या जानेवारीत गेले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, लेख झाले, मोर्चे झाले. मी लेख वाचले. त्या वेळी एका ओळखीच्या माणसानं चहाच्या टपरीवर ‘आपल्याला काय करायचं’ असं म्हटलं, आणि मी चहा संपवला. बाजूनं निघून जायला चालावंच लागतं असं नाही.

मामाकडे येतो.

माझा मामा सरकारी भाषेत ‘कुष्ठरोग तंत्रज्ञ’ होता. लाखांदूर तालुक्यातली गावं सायकलनं पालथी घालायचा. पावसाळ्यात चुलबंद नदीच्या काठच्या नाल्यांत सायकल खांद्यावर. पूर्व विदर्भात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. लोक रक्तपिती म्हणत, महारोग म्हणत, आणि बहुतेक वेळा काहीच म्हणत नसत, नुसती भाकर दुरून टाकत. मामा माणसाला उजेडात सदरा काढायला लावायचा, फिकट चट्टा शोधायचा आणि डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक लावायचा. ‘‘कोठी लागलं, बोट ठेव.’’ चट्ट्यावर बोट पडलं नाही की तो गप्प व्हायचा. मग कोपराच्या आतली नस चाचपायचा, जाड लागते का बघायला.

मामा संत नव्हता. खर्रा खायचा, प्रवासभत्त्याच्या बिलावरून ऑफिसात भांडायचा आणि गोळ्या चुकवणाऱ्याला आईमाईवरून शिव्या घालायचा. 1980 च्या दशकात बहुविध औषधं आली. आधी एकच डॅप्सोन वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर चाले. आता चांदीसारख्या पट्टीतल्या गोळ्या ठरावीक महिने घ्यायच्या आणि मोकळं व्हायचं. मामाला ती पट्टी देवासारखी वाटायची. 2005 च्या डिसेंबरात देशात या रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं, तेव्हा तो पेपर घडी करत म्हणाला, ‘‘कागदावरून गेला बापू.’’ निर्धन महारोग्याला वॉरंटशिवाय पकडून आश्रमात डांबायची मुभा देणारा 1898 चा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडलं. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं ते 2019 मध्ये. मामाच्या गावांतल्या किती बायका त्याआधीच माहेरी पोचवल्या गेल्या होत्या, ते त्याला तोंडपाठ होतं.

मी एकदाच त्याच्यासोबत फिरलो, त्या पॅसेंजरच्या प्रसंगानंतरच्या उन्हाळ्यात. त्याला काही सांगितलं नव्हतं. एका पारावर सहा-सात जण जमले होते. औषधानं जंतू मरतात, पण मेलेली नस परत येत नाही. पाय बधिर तो बधिरच. काटा रुततो, चुलीतला निखारा लागतो, रात्री उंदीर कुरतडतो, आणि माणसाला कळतच नाही. बोटं झडतात ती रोगानं नव्हे, या न कळलेल्या जखमांनी. त्यावर उपाय अगदी साधा आणि अगदी कंटाळवाणा आहे. रोज वीस मिनिटं पाय पाण्यात भिजवायचे, कडक कातडं वजरीनं घासायचं, ओल्या पायालाच तेल चोळायचं. तेल घरात असेल ते. आमच्याकडे बहुतेक जवसाचं. रोज. जन्मभर.

मामाच्या कॅरिअरला एक निळा प्लास्टिकचा टप बांधलेला असे. त्यानं तो पारावर ठेवला, पाणी ओतलं आणि बाही वर सारून कोपर पाण्यात बुडवलं. मला वाटलं काही विधी आहे. मग कळलं की पाणी उन्हात तापलेल्या घागरीतलं होतं. ज्याचे पाय बुडणार त्याला चटका कळणार नव्हता. म्हणून पाण्याची परीक्षा मामाच्या कोपरानं.

एका म्हाताऱ्यानं पाय मागे घेतले. ‘‘नाही जी साहेब. तुम्ही नका हात लावू.’’

‘‘मंग काय कलेक्टर येईल का? ठेव पाय.’’

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू उठून अंगरखा उतरवतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र असाच पाय मागे घेतो. मी ते पुढे कधीतरी वाचलं. वाचताना यरुशलेमेतलं काही डोळ्यांपुढे आलं नाही. खर्ऱ्यानं लाल झालेलं तोंड आणि निळा टप आला. पाय धुणं हे तेव्हाच्या घरांत हलक्या नोकराचं काम होतं, असं टीकाकार सांगतात. मामाच्या ऑफिसातही तसंच समजत असावेत. त्याला बढती कधी मिळाली नाही.

मामा त्या माणसाची टाच मांडीवर घेऊन घासत होता आणि त्याच वेळी त्याच्या पोराच्या लग्नावरून त्याच्याशी वाद घालत होता. चेहऱ्यावर करुणा वगैरे काही नव्हती. एखादा सुतार लाकूड घासताना बघतो तसा बघत होता, भेग कुठवर गेलीय ते. मला त्यानं तेलाची बाटली धरायला दिली. मी ती धरली. टाच धर म्हणाला असता तर काय केलं असतं, ते मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

घरी मात्र त्या टपाला बंदी होती. मामीचा नियम कडक: टप गुरांच्या कोठ्यात, मामानं विहिरीवर आंघोळ करून, कपडे तिथेच पिळून मग घरात यायचं. ‘औषध चालू झालं की लागत नाही’ हे मामानं तिला हजारदा सांगितलं असेल. ती ऐकून घ्यायची आणि टपाकडे बघायची. भांडण असं नव्हतं, रेघ होती. मला तेव्हा मामी अडाणी वाटायची. दाराजवळ बसलेला म्हातारा आठवला की तसं वाटणं बंद व्हायचं. ती निदान टपाला घाबरत होती.

मामाला जाऊन आठ वर्षं झाली. तेरवीला बरीच अनोळखी माणसं आली होती. काहींच्या पायांत त्या काळ्या चपला. ती मांडवाच्या कडेला, सवयीनं, पंगतीपासून हातभर सोडून बसायला लागली. मामीनं वाढप्याला सांगितलं की पान तिकडे सरकवू नको, माणसांना इकडे सरकव. एवढंच म्हणाली आणि भाजी बघायला आत गेली. तिच्यात हे कधी झालं, कशानं झालं, मला ठाऊक नाही. लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं. मामीला लिहायला येत नाही, आणि विचारायचं मला सुचलं नाही.

यंदा जूनमध्ये तिच्याकडे गेलो होतो. दोन दिवस पाऊस पडून उघडला होता आणि पऱ्ह्यांची घाई. ओसरीवर, देवघराच्या दारासमोर, मामी धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात काढत बसली होती. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. भरलेला दाणा तळाशी जातो, पोचट वर येतो. पाणी निळ्या टपात होतं. काठाला एक चीर, ती डांबरानं सांधलेली.

‘‘मामी, हा मामाचा टप ना?’’

‘‘मंग? दुसरा कोठून आणू?’’

तिनं कोपरापर्यंत हात घालून धान ढवळलं. पोचट दाण्यांची साय वर जमू लागली. तिनं सरकून शेजारी पाटाएवढी जागा केली आणि म्हणाली, ‘‘बस ना. ते वरचं काढ.’’

मी बाही सारली आणि हात घातला. पाणी थंड होतं.